अलामूतचा किल्ला पाहायला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इराणमधला अलामूतचा किल्ला बघून आलेल्या अनेकांची तक्रार एकच असते. एवढा खर्च केला, डोंगरातून तीन तास गाडी हाकली, धापा टाकत वर गेलो, आणि वर धड एक भिंतसुद्धा उभी नाही! तक्रार खरी आहे. ज्याला कमानी, महाल, तोफा बघायच्या असतील त्याने अलामूतच्या वाटेला जाऊ नये. पण एखादा किल्ला नेमक्या त्याच कातळावर का बांधला गेला, त्याला धान्य कुठून येत होतं, पाणी कुठून येत होतं, शत्रू कुठल्या खिंडीतून येणार हे वरून कसं कळत होतं, या प्रश्नांची ज्याला ओढ आहे त्याच्यासाठी अलामूतइतकी जागा क्वचित सापडेल. तिथला खरा किल्ला म्हणजे अख्खं खोरं आहे. म्हणून माझा आग्रह सुरुवातीलाच सांगून टाकते: सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असा बेत करू नका. एक रात्र तरी खोऱ्यात राहा. पुढचं सगळं मार्गदर्शन हेच धरून लिहिलं आहे.

जाण्यापूर्वी माहीत असावा एवढा इतिहास

अलामूत आहे इराणच्या उत्तरेला, अल्बोर्झ पर्वतरांगेत, कझविन प्रांतात. किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे २१६० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) पाचशे मीटरने उंच. परंपरा सांगते की नवव्या शतकात दैलम या इथल्या डोंगरी प्रदेशाच्या एका राजाला शिकारीच्या वेळी गरुड या कातळावर बसलेला दिसला, आणि जागेचं मोल ओळखून त्याने इथे किल्ला बांधला.

किल्ल्याचं नाव जगभर झालं ते हसन सब्बाहमुळे. हा शिया मुसलमानांमधल्या निझारी इस्माइली पंथाचा पुढारी. त्याने १०९० मध्ये अलामूत ताब्यात घेतला, तोही रक्त न सांडता. आधी खोऱ्यातली आणि किल्ल्यातली माणसं एकेक करून आपल्या बाजूला वळवली, स्वतः नाव बदलून आत राहिला, आणि शेवटी किल्लेदाराला जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. किल्ल्याची किंमत म्हणून त्याला तीन हजार दिनारांची चिठ्ठी लिहून दिली, असं जुने इतिहासकार लिहितात. त्यानंतर ११२४ मध्ये मरेपर्यंत हसन इथून हलला नाही. एवढ्या वर्षांत तो घरातून फक्त दोनदा बाहेर आला आणि दोन्ही वेळा गच्चीवर गेला, असंही लिहून ठेवलेलं आहे. त्याने खोऱ्यात पाण्याचे पाट काढले, शेती वाढवली, किल्ल्यात कोठारं भरली आणि ग्रंथालय उभं केलं. नसीरुद्दीन तुसीसारखा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ पुढे याच इस्माइली किल्ल्यांच्या आश्रयाने काम करत होता.

१२५६ मध्ये हुलागू खानाचं मंगोल सैन्य आलं. शेवटचा अधिपती रुक्नुद्दीन खुर्शाह तेव्हा जवळच्या मैमूनदिझ किल्ल्यात होता. त्याने नोव्हेंबरात शरणागती पत्करली आणि डिसेंबरात अलामूतही पडला. हुलागूबरोबर जुवैनी नावाचा इतिहासकार होता. त्याने ग्रंथालय चाळलं, कुराणाच्या प्रती, काही निवडक ग्रंथ आणि खगोलाची उपकरणं बाजूला काढली आणि उरलेलं जाळलं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याच जुवैनीने किल्ल्यातली कोठारं बघून आश्चर्यही नोंदवलं: कातळात कोरलेल्या टाक्यांमध्ये मध साठवलेला होता, आणि तळ किती खोल आहे याचा अंदाज न आल्यामुळे आत उतरलेला एक माणूस मधात बुडता बुडता वाचला.

एक गोष्ट आवर्जून सांगते. भांग पाजून तरुणांना स्वर्गासारख्या बागेत नेणं, मग त्यांच्याकडून खून करवून घेणं, ही जी कथा मार्को पोलोच्या नावावर फिरते ती दंतकथा आहे. पोलो त्या भागातून गेला तेव्हा किल्ला पडून सतरा-अठरा वर्षं झाली होती. राजकीय हत्या इस्माइलींनी केल्या हे खरंच आहे, पण ती बाग आणि ती नशा यांना समकालीन इस्माइली किंवा त्यांच्या शत्रूंच्या फारसी लिखाणातही आधार सापडत नाही. गाइड किंवा ड्रायव्हर रंगवून सांगायला लागला तर ऐका, पण किल्ल्याकडे त्या चष्म्यातून बघू नका.

आणि हा इतिहास आपल्यापासून वाटतो तेवढा लांब नाही. अलामूतच्या इमामांच्या वंशपरंपरेतले म्हणवणारे इस्माइलींचे धर्मगुरू, पहिले आगा खान, इराण सोडून हिंदुस्थानात आले, मुंबईत स्थिरावले आणि १८८१ मध्ये वारले. माझगावातला हसनाबाद हा त्यांचा मकबरा. १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात खोजा जमातीचा जो गाजलेला खटला चालला, त्याच्या निकालपत्रात अलामूतपर्यंतचा इतिहास तपासला गेला. पुण्याचा आगा खान पॅलेस बांधणारे तिसरे आगा खान याच घराण्यातले. मुंबई-पुण्याच्या माणसाने अलामूतला जाणं यात एक ओळखीचा धागा आहे.

पहिली पायरी: आत्ता जावं का, हे तपासा

तिकीट काढण्याआधी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची इराणविषयीची ताजी सूचना वाचा. जून २०२५ मधल्या संघर्षाच्या वेळी तिथल्या भारतीयांना 'ऑपरेशन सिंधू' राबवून परत आणावं लागलं होतं. सूचनेत जाऊ नका असं लिहिलेलं असेल तर जाऊ नका, एवढं साधं ठेवा. किल्ला अकराशेहून अधिक वर्षं तिथेच आहे. तुमचा बेत वर्षभर पुढे गेल्याने त्याचं काही बिघडत नाही. शिवाय सरकारी सूचना डावलून गेलात तर बहुतेक प्रवास विमे लागू होत नाहीत. पॉलिसीत इराण वगळलेला नाही ना, हेही लेखी विचारून घ्या.

व्हिसाबद्दल इंटरनेटवर जुनी माहिती अजून फिरते आहे. फेब्रुवारी २०२४ पासून विमानाने जाणाऱ्या भारतीय पर्यटकांना पंधरा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता. नोकरीच्या आमिषाने नेऊन लोकांना ओलीस धरण्याचे प्रकार झाले आणि ही सवलत २२ नोव्हेंबर २०२५ पासून स्थगित झाली. तेव्हा व्हिसा लागतो असं धरूनच चला. अर्ज इराणच्या परराष्ट्र खात्याच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर करायचा असतो, आणि मुंबईत इराणचा वाणिज्य दूतावास आहे. व्हिसा करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी एजंटाच्या हातात पासपोर्ट देऊ नका.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींसाठी वेगळी सूचना. अमेरिकी, ब्रिटिश किंवा कॅनडाचा पासपोर्ट असेल तर इराणमध्ये एकट्याने फिरता येत नाही. मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, गाइड बरोबर घेऊन, ठरलेल्या कार्यक्रमानुसारच जावं लागतं. आणि युरोपीय किंवा ब्रिटिश पासपोर्टवर अमेरिकेला व्हिसाशिवाय जात असाल, तर इराणची भेट झाल्यावर ती सोय बंद होते. कामानिमित्त अमेरिकेला वरचेवर जाणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा.

कधी जायचं

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. मे महिन्यात डोंगरमाथ्यांवर बर्फ शिल्लक असतो आणि खाली खोरं हिरवं झालेलं असतं. जूनमध्ये किल्ल्याच्या पायथ्याच्या गाझोरखान गावात चेरीचा हंगाम येतो. शरदात अक्रोड, हेझलनट आणि झोगाल-अख्ते नावाची आंबटगोड लाल फळं निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं ऊन भाजून काढतं, कारण वर सावलीला झाड नाही. हिवाळ्यात बर्फ पडतं, घाटरस्ता बंद होऊ शकतो आणि पायऱ्या निसरड्या होतात. पहिल्या भेटीसाठी हिवाळा नकोच.

आठवड्यातला वार बघा. तिथली सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे गुरुवार दुपारपासून तेहरानची गर्दी डोंगराकडे निघते. नवरोझच्या, म्हणजे २०-२१ मार्चपासून पुढच्या दोन आठवड्यांत अख्खा देश फिरायला बाहेर पडतो. त्या दिवसांत खोली मिळणं मुश्किल असतं. रविवार ते बुधवार हे सर्वांत निवांत दिवस.

पैसे, फोन आणि आकडे

इराणमध्ये आपली डेबिट-क्रेडिट कार्डं चालत नाहीत. निर्बंधांमुळे तिथली बँकव्यवस्था बाहेरच्या जाळ्यांना जोडलेली नाही. सगळ्या प्रवासाचे पैसे रोख न्यावे लागतात, डॉलर किंवा युरोत, कोऱ्या नोटांमध्ये, आणि परतीपर्यंत पुरून वर थोडे उरतील इतके. तेहरानमध्ये किंवा कझविनमध्ये अधिकृत सराफीत, म्हणजे चलन बदलून देणाऱ्या दुकानात, बदलून घ्या. खोऱ्यात बदलून मिळतील या भरवशावर राहू नका.

दुसरा घोळ रियाल आणि तोमानचा. नोटांवर रियाल छापलेले असतात, लोक भाव सांगतात तोमानमध्ये. एक तोमान म्हणजे दहा रियाल. भाव ठरवताना दर वेळी "रियाल की तोमान?" विचारा. यात संकोचण्यासारखं काही नाही, तिथले लोकही एकमेकांना विचारतात.

फारसी आकडे घरूनच पाठ करून जा, अर्ध्या तासाचं काम आहे. आपली फसगत दोन आकड्यांत होते: तिथला शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि आपल्या शून्यासारखं वाटणारं, पण खाली खाच असलेलं गोल चिन्ह म्हणजे पाच. गाडीचा नंबर, बसची वेळ, खोलीचं भाडं, तिकीट खिडकीवरचा फलक, सगळं याच आकड्यांत असतं. तिकिटाच्या फलकावर परदेशी पर्यटकांचा दर वेगळा आणि जास्त लिहिलेला असतो.

नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. खोऱ्यात नेटवर्क मध्येच जातं, आणि आपल्या सवयीची कितीतरी ॲप्स तिथे बंद असतात. मुक्कामाचा पत्ता फारसी लिपीत कागदावर लिहून घ्या. कझविनच्या हॉटेलातला माणूस आनंदाने लिहून देतो. रुग्णवाहिकेसाठी ११५ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक त्याच कागदावर असू द्या.

तेहरान ते कझविन ते गाझोरखान

भारतातून थेट विमान मिळालं तर उत्तम, नाहीतर आखाती देशांमार्गे तेहरान. तिथून कझविन पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटर. तेहरानच्या आझादी चौकाजवळच्या पश्चिम बसस्थानकातून बस मिळते, रेल्वेही आहे. रस्त्याने दोन-अडीच तास धरा. तेहरानमध्ये मुक्काम करून पहाटे थेट अलामूत गाठण्याचा बेत काही जण करतात. तो टाळा. कझविनमध्ये एक रात्र काढा, कारण शहर स्वतःच बघण्यासारखं आहे. सफवी राजा तहमास्पने सोळाव्या शतकात इथे राजधानी आणली होती. त्या काळचा चेहेल सोतून हा चित्रांनी सजलेला मंडप आणि नंतरच्या काजार काळातली सादुस्सल्तने ही प्रचंड सराई चुकवू नका. सराईत आता दुकानं आणि चहाची ठिकाणं आहेत. संध्याकाळ छान जाते.

कझविनहून गाझोरखानला जायचे दोन मार्ग. पहिला, 'सवारी' म्हणजे सीटवर भाडं घेणारी टॅक्सी. ती कझविनच्या गरीबकुश चौकाकडून मोअल्लेम कलाये या खोऱ्यातल्या मुख्य गावापर्यंत जाते. सीट भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. दुपारनंतर गाड्या मिळणं अवघड. मोअल्लेम कलायेहून गाझोरखानपर्यंत पुन्हा वेगळी टॅक्सी करावी लागते. दुसरा मार्ग, पूर्ण गाडी ठरवणं. त्याला तिथे 'दरबस्त' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, टॅक्सीवाल्याला एवढं म्हटलं की बाकीचं तो समजतो. तिघं-चौघं असाल तर दरबस्तच परवडते, आणि रस्त्यात हवं तिथे थांबता येतं. भाडं ठरवताना चार गोष्टी बोलून घ्या: एकूण रक्कम (तोमानमध्ये), मुक्काम धरून की फक्त जाणं, वाटेत कुठे कुठे थांबणार, आणि परतीचा दिवस व वेळ. ड्रायव्हरला 'आगा' आणि बाईमाणसाला 'खानूम' म्हणा.

शंभर-एक किलोमीटरचा हा रस्ता अडीच ते तीन तास खातो. कझविनच्या सपाटीवरून आधी उघड्याबोडक्या टेकड्यांवर चढायचं, मग वळणावळणांनी खोल उतरत रजाईदश्तला यायचं. हा उतार डोळे उघडे ठेवून बघा. पलीकडे अल्बोर्झची भिंत, अलीकडे आपण उतरतोय ती रांग, आणि मध्ये नदीकाठची भातखाचरं. हो, या कोरड्या डोंगरात भात पिकतो. किल्ल्याला लागणारा दाणागोटा कुठून येत असेल, याचं उत्तर वर पोहोचण्याआधीच मिळतं. बाहेरून येणाऱ्या कुठल्याही सैन्याला आधी अशा रांगा ओलांडून मग अरुंद नदीपात्रात उतरावं लागत होतं, आणि त्या वाटेवरचा एकेक सुळका इस्माइलींनी पहाऱ्यासाठी धरला होता. रजाईदश्तला फाटा फुटतो: एक वाट राझमियान आणि लंबसर किल्ल्याकडे, दुसरी मोअल्लेम कलायेकडे. उलट्या होण्याचा त्रास असेल तर कझविनलाच गोळी घेऊन निघा, उतारावरची वळणं फार आहेत.

काय घालायचं, काय न्यायचं

स्त्रियांसाठी कायद्याने डोकं झाकणं बंधनकारक आहे. शहरांत अलीकडे अनेक स्त्रिया ते पाळताना दिसत नाहीत, पण परदेशी पाहुण्यांनी त्या वादात पडू नये. सुती ओढणी, गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता आणि पँट हा आपला नेहमीचा पोशाख तिथे चालतो आणि चढायलाही सोयीचा आहे. वर वारा भणाणतो, तेव्हा ओढणीला पिना लावा. पुरुषांनी अर्धी चड्डी घालू नये.

बूट पकड असलेले हवेत. वरची माती भुसभुशीत आणि खडे सुटे आहेत, लोखंडी पायऱ्यांवर साधे तळवे घसरतात. माणशी दीड लिटर पाणी, टोपी, उन्हाचं मलम आणि एक उबदार जाकीट घ्या. जूनमध्येसुद्धा सूर्य डोंगराआड गेला की गारठा पडतो. छोटी दुर्बीण असेल तर जरूर घ्या, वर तिचा इतका उपयोग होतो की मी ती सामानातली सर्वांत मोलाची वस्तू मानते.

चढाई

गाझोरखान किल्ल्याच्या कातळाच्या पायथ्याशी वसलं आहे. गावाच्या चौकातून मान वर केली की समोर करडा-पिवळसर सुळका दिसतो, आणि इथून कुणी चढूच शकणार नाही असं वाटतं. वाट समोरून जातच नाही. गाडीरस्त्याने तिकीट खिडकीपर्यंत जायचं, गाडी नसेल तर चालत, आणि तिथून कातळाला वळसा घालत मागच्या, ईशान्येच्या अंगाने चढायचं. आधी दगडी पायऱ्या, मग कड्याला बिलगून जाणारी वाट, शेवटी लोखंडी जिने आणि कठडे. रोज चालणाऱ्या माणसाला अर्धा-पाऊण तास पुरतो. सह्याद्रीत डोंगर चढणाऱ्यांना चढ अवघड वाटणार नाही. पण हवा कोरडी आणि विरळ असल्याने श्वास लवकर लागतो, घाम येतो तसा वाळून जातो आणि पाणी कमी पडतंय हे कळत नाही. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहा. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी उतरण्यासाठी काठी घ्यावी, त्यांचा कस उतरतानाच लागतो.

सकाळी आठच्या सुमारास निघा. ऊन चढण्याआधी वर पोहोचता येतं, आणि कझविनहून निघालेल्या एकदिवसी सहली यायच्या आधी दोन तास हाती असतात. गावात मुक्काम करण्याचा हा थेट फायदा.

वर गेल्यावर काय बघायचं

वर पोहोचलात की लगेच फोटो काढत धावू नका. आधी एवढं समजून घ्या, की समोर दिसतंय ते एका काळाचं नाही. मंगोलांनी किल्ला मोडला, तरी नंतर लोक इथे पुन्हा राहिले, आणि सफवी काळात तर किल्ल्याचा तुरुंग म्हणून वापर झाला. वरच्या अनेक खोल्या आणि भिंती या नंतरच्या वस्तीच्या आहेत. त्याखाली जुने थर आहेत. पुरातत्त्वज्ञ हमीदे चूबक यांच्या पथकाने गेल्या दोन दशकांत इथे उत्खनन करून हे थर वेगळे केले. त्याच कामासाठी उभारलेले पाइपांचे सांगाडे आणि पत्र्याची छपरं जागोजागी आहेत. ती डोळ्यांना खुपतात, पण त्यांच्याखाली काय आहे बघा: दगड, आणि दगडांच्या सांध्यात पांढरट जिप्समचा गिलावा. बर्फ आणि पाणी लागलं की हा गिलावा विरघळून दगड सुटतात. छपरं नसती तर हेही उरलं नसतं.

माथा लांबट आणि अरुंद आहे. पूर्वेकडचा भाग खालचा, पश्चिमेकडचा उंच. प्रवेशापाशी कातळातून कोरलेला काही मीटरचा बोगदा आहे. त्यातून पलीकडे निघालं की दक्षिणेची तटबंदी आणि सरळ खाली गाझोरखानची घरं दिसतात. इथे कठड्याला टेकू नका.

मग पाणी शोधा. हे मी मनापासून सांगते, कारण अलामूतचं सगळं मर्म इथे आहे. आपल्याकडे गडावर गेलं की जाणकार माणूस आधी टाकी मोजतो, तोच नियम अलामूतला लागू करा. कड्याच्या पोटात कोरलेली टाकी अजून आहेत, आणि दक्षिणेच्या अंगाला एक टाकं आजही पाणी धरून आहे. तिथे थोडं थांबा. बाहेर डोळ्यांना त्रास होईल इतकं ऊन, आणि आत कातळाच्या सावलीत छिन्नीचे घाव स्पष्ट दिसणारी भिंत आणि काळं दिसणारं थंड पाणी. त्याच बाजूला पाण्याच्या चरात एक द्राक्षाचा वेल तग धरून आहे, तो हसन सब्बाहने लावला असं गावकरी सांगतात. पाणी, धान्य, मध यांचा साठा असेल तर असल्या कातळाला वेढा घालून बसणाऱ्यालाच आधी उपासमार होते. तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, किल्ला पडला नाही. मंगोलांच्या वेळीसुद्धा अधिपती आधी शरण गेला आणि किल्ला मागाहून.

पश्चिमेच्या उंच टोकावर दुर्बीण काढा. उत्तरेला पाठीशी होदेकानचा उंच डोंगर, बाकी तिन्ही बाजूंना खोरं. गावांभोवती झाडांचे हिरवे पुंजके आणि त्यांना जोडणारे पाट शोधा. ज्या पट्ट्यात पाट पोहोचतो तेवढंच हिरवं, त्याच्या वर लगेच मातकट उघडा डोंगर. नदीच्या दिशेने येणारी वाट कुठून दिसायला लागते ते बघा, आणि तिथून एखाद्या घोडदळाला किल्ल्याखाली यायला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधा. एक तास इथे सहज जातो.

जमिनीवर खापरांचे, क्वचित निळ्या झिलईचे तुकडे दिसतील. उचलू नका, खिशात घालू नका. गुप्तधनाच्या लोभाने पूर्वी लोकांनी हा माथा खणून बरंच वाटोळं केलं आहे, आणि पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं हा इराणमध्ये गंभीर गुन्हा आहे. ड्रोन नेऊ नका. उत्खननाच्या दोरीपलीकडे जाऊ नका.

दुपारनंतर आणि दुसऱ्या दिवशी

उतरल्यावर जेवण आणि विश्रांती. चार वाजता गावाबाहेर शेतांमधून चालत किल्ल्याच्या दक्षिणेला जा. सकाळी वरून पाहिलेला कातळ आता खालून, तिरप्या उन्हात दिसतो, आणि नैसर्गिक कडा कुठे संपतो व बांधीव तट कुठे सुरू होतो हे याच वेळी कळतं. दुपारच्या रखरखीत उजेडात दोन्ही एकरंगी दिसतात.

दुसऱ्या दिवशी एकच ठिकाण निवडायचं झालं तर लंबसर निवडा. राझमियानजवळचा हा किल्ला विस्ताराने अलामूतपेक्षा मोठा. हसनचा उत्तराधिकारी कियाबुझुर्ग उमीद याने तो वीसहून अधिक वर्षं सांभाळला, आणि अलामूत पडल्यानंतरही तो १२५७ पर्यंत लढला. तिथे जिने नाहीत, कठडे नाहीत, माणसंही फार नाहीत. तटाचे मोठे तुकडे अजून उभे आहेत. परतीच्या वाटेवर रजाईदश्तच्या फाट्यावरून जाऊन येता येतं, म्हणून ड्रायव्हरशी आधीच ठरवा.

लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर लंबसरऐवजी एवान तलाव बरा. रस्ता थेट पाण्यापर्यंत जातो. शम्स कलाये गावावरचा मैमूनदिझ खालूनच बघावा. तिथे कड्यात कोरलेल्या गुहा आहेत, कातळ ठिसूळ आहे, आणि दोराशिवाय वर चढणं जिवावर बेतू शकतं.

राहणं, खाणं, पाहुणचार

गाझोरखानमध्ये घरगुती मुक्कामाची सोय होते. 'बूमगर्दी' अशी पाटी असलेली घरं शोधा. जमिनीवर गालिचा, त्यावर गादी, आणि सकाळी ताजी रोटी, पनीर, मध, अक्रोड. पासपोर्ट नोंदणीसाठी मागतात, त्यात वावगं काही नाही. सुट्टीच्या दिवसांत कझविनहून फोन लावून खोली पक्की करूनच निघा.

शाकाहारी माणसाने "मन गूश्त नेमीखोरम" (मी मांस खात नाही) हे वाक्य पाठ करावं. कोंबडी म्हणजे मांस नव्हे अशी तिथे समजूत असते, म्हणून "मोर्ग हम ना" (कोंबडीही नको) हे जोडा. मिर्झा कासेमी हे भाजलेल्या वांग्याचं, लसूण-टोमॅटोचं भरीत आपल्या तोंडाला लगेच रुचतं, मात्र त्यात अंडं असतं. कश्के बादेमजानमध्ये वांगं आणि आंबट दह्याचा गोळा. अदसी म्हणजे मसुराची घट्ट आमटी. मांसाहारी असाल तर कझविनचा कैमे नेसार हा बदाम-पिस्ते, झरेश्क (आंबट लाल बेरी) आणि संत्र्याच्या सालीचा भात जरूर खा.

एका रीतीची माहिती हवीच. आपण पैसे देताना दुकानदार किंवा ड्रायव्हर "काबेल नदारे" म्हणतो, म्हणजे 'असू द्या, काही नको'. हा 'तारोफ', शिष्टाचार. पैसे द्यायचेच असतात. दोन-तीनदा आग्रह केला की तो घेतो. घरी चहाला बोलावलं तर पहिल्या वेळी नम्रपणे नको म्हणा. पुन्हा पुन्हा बोलावलं तर मनापासून बोलावताहेत असं समजून जा. जाताना मुंबईहून नेलेला चहाचा पुडा किंवा चिक्कीचं पाकीट जवळ असलं तर द्या.

परतीची गाडी दुपारी बाराच्या आत निघेल असं बघा. उतारावरचा तोच घाट आता चढायचा असतो, आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर दिवे नाहीत. तेहरानचं विमान त्याच रात्री ठेवू नका. कझविनमध्ये आणखी एक मुक्काम धरा, सराईतल्या दुकानातून तिथला छोट्या तुकड्यांचा बाकलावा घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तेहरान गाठा.